आकडा आणि अगत्ती

४ मे ९७. बारस.
मशीन आज परत रुसलं. बोट टोचलं, दाबदाबून थेंब काढला, पट्टीला लावला, तर म्हणे रक्त कमी. कमी कसं? पदराला लागलं, चटईवर सांडलं, ह्यांच्या घडी घातलेल्या धोतरावर दोन ठिपके. पट्टीला तेवढं पुरलं नाही. दुसरी पट्टी फोडली. आकडा २.९. चला. डॉक्टरांना अडीच ते साडेतीन हवा. खाली गेला की रक्त घट्ट, छातीतल्या झडपेवर गुठळी धरायची भीती. वर गेला की इतकं पातळ की कुठेही फुटेल. रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आठवड्याला हा तमाशा.
हे बोट टोचायच्या वेळेला मागल्या अंगणात जाऊन उभे राहतात. सगळा जन्म तिरुभुवनमच्या रेशमाच्या सोसायटीत लाल साड्या मोजण्यात गेला, आणि बायकोच्या बोटावरचा ठिपका बघवत नाही.

७ मे.
सकाळी आ. २.१. तीन दिवसांत कुठे गेला? गोळी तीच, वेळ तीच. मी तीच.
दुपारी सगळे आडवे झाले की झडप ऐकू येते. टिक, टिक. धातूची आहे, मद्रासला बसवली. अक्कालाही अशीच होती, माझ्या आधी तीन वर्षं बसवलेली. लहानपणी एकाच थंडीत दोघी बहिणींना ताप आला, सांधे सुजले, तेव्हाच आतून दोघींचं बिघडलं म्हणे. पुढे दोघींना एकाच घरात दिलं, ती थोरल्या भावाला, मी धाकट्याला. रुब्ब्याच्या दगडाशी समोरासमोर बसून इडलीचं वाटायला घेतलं की दोन टिकटिकी ऐकू यायच्या. तिची जरा सावकाश. म्हणायची, "यमे, आपल्या घरात घड्याळ कशाला हवंय गे."
आज स्वैपाकघरात दोन ऐकू आल्या. नळ घट्ट केला. पंखा बंद केला. तरी दोन.
ह्यांना सांगितलं नाही.

११ मे.
वासूचा अमेरिकेहून फोन. अक्काचा मुलगा, पण आता मला आईसारखा रागावतो. मशीन त्यानंच पाठवलं, अक्का गेल्यावर. तेव्हा म्हणाला होता, "आईला नव्हतं, मावशी, तुला असू दे." एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून दिला होता. आज विचारतो, "पट्ट्या फ्रिजमध्येच ना?" फ्रिजमध्येच रे बाबा. पण फ्रिज विजेवर चालतो आणि वीज कुंभकोणममध्ये आपल्या मर्जीची आहे. काल दुपारी चार तास नव्हती. पट्ट्यांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवला. हे म्हणाले, "तान्हं मूल बरं." खरंच, अगदी तान्ह्या मुलासारखा.

१८ मे. एकादस.
आ. ३.४. पंधरवडाभर गोळी तिळाएवढी बदलली नाही. वरच्या काठावर.
तळ्याकडच्या रस्त्यावरच्या लॅबमध्येही जाऊन आले. तो आकडा देत नाही, रक्त गोठायला लागलेले सेकंद देतो. त्याचे सेकंद आणि माझा आकडा जुळवायला बसले तर माझं डोकं फुटेल, रक्ताला दोष नको. तो म्हणाला, "आम्मा, तुमचं मशीन चूक." मी म्हटलं, मशीनला सांगते.
भावजींचं आज पाणीही बंद. थोरले दीर आणि अक्काचे यजमान, दोन्ही नाती एकाच माणसाशी, म्हणून पहिल्यापासून भावजीच म्हणते. सत्तरी ओलांडली तरी एकादशीला पाण्याचा थेंब नाही. मी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेते, मोरीत जाऊन, पाठ करून. त्यांना ठाऊक आहे. बघत नाहीत.

१९ मे. बारस.
पहाटे पारणं. अगत्तीच्या पानांची भाजी, आवळ्याची पच्चडी, ताकभात. मागल्या अंगणातलं अगत्तीचं झाड अक्कानं लावलेलं. बारशीला पोटाला थंडावा म्हणून अगत्ती पाहिजेच, आणि भावजींच्या मते चमचाभर वाढणं म्हणजे न वाढणं. डोंगर केला पानावर. मलाही तेवढाच. आवडते मला.

२२ मे.
आ. २.०.
आता मात्र राग आला. एवढा राग की मशीन उचलून कावेरीत टाकावं. मग वाटलं, ते बिचारं खरं बोलतंय. दर एकादशीला वर, बारशीनंतर खाली. गोळी नाही, मी नाही, मग पानावर काय बदलतं?

१ जून. एकादस.
आ. ३.३. ठरलेल्या गाडीसारखा आला.

५ जून.
आ. २.१. वासूला फोन केला, बिलाला भिऊन काय करायचं. मशीनबरोबरची इंग्रजी चोपडी त्याच्याकडेही आहे. वाचून दाखवलं. हिरव्या पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो म्हणे. कोबी, पालक, ब्रोकोली. ब्रोकोली म्हणजे काय? तर हिरवा फ्लॉवर. अगत्ती आहे का त्यात? नाही. त्याची बायको पुण्याची, तिनं फोन घेतला. "हादगा का, मावशी? आमच्याकडे फुलांची भजी करतात त्याची." आमचं तंजावरी मराठी ऐकून हसते ती नेहमी, गोड हसते, हसू दे. म्हणाली, पाला तर पालकाच्या वरताण असणार.
म्हणजे उपासाला आकडा वर आणि अगत्तीचा डोंगर खाल्ला की खाली. एवढं सोपं. कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला सांगितलं नव्हतं की आमच्याकडे पंधरा दिवसांनी एक दिवस चूल थंड असते आणि दुसऱ्या दिवशी अंगण उपटून खातो.
फार दिवसांनी हसले. ह्यांनाही सांगितलं. तेही हसले.

६ जून.
कीरैवाली आली होती. रोज येते, दारातून "कीरै" म्हणून ओरडते, मी पाल्याच्या दोन जुड्या घेते. आंबट भाजीसाठी पालक निवडत बसले होते. ती टोपली उचलताना म्हणाली, पुढल्या महिन्यात तुमच्या दाराशी यायचं कारण नाही, नाही का आम्मा. दरवर्षी म्हणते. सवयीनं म्हणते.
आषाढी एकादस झाली की चातुर्मास. पहिला महिना शाकव्रत. भाजी नाही, पाला नाही, फळ नाही, घरात कोथिंबिरीची काडी येत नाही. मूगडाळ, भात, मिऱ्याजिऱ्याचं सार, दूध, दही. महिनाभर.
एक दिवस चूल थंड ठेवली तर आकडा तेवढा चढतो. मग महिनाभर पाला नाही तर.
अक्का त्याच महिन्यात गेली.

७ जून.
काल पुढे लिहवेना.
आषाढातली वद्य दशमी होती. तीन वर्षं होतील. आठ दिवस आधीपासून तिच्या दंडावर काळेनिळे डाग. विचारलं तर म्हणाली, रुब्बा लागला. हिरड्यांतून रक्त. म्हणाली, कडुनिंबाची काडी कडक होती. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाली, तरी सगळ्यांना वाढलं. साराचं भांडं हातात होतं. भावजींच्या पानापुढे वाकली आणि तशीच आडवी झाली. सार सगळं भातावर सांडलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव. आम्ही म्हटलं, तेवढंच आयुष्य.
गोळी ती वेळच्या वेळी घ्यायची. पाला पोटात असताना ठरवलेली गोळी. पाला बंद केला, गोळी तीच राहिली. डॉक्टरला कोण सांगणार? व्रत काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे का?
भावजी तेव्हापासून म्हणतात, "व्रतात गेली. गोदा भाग्याची." येईल त्याला सांगतात. वासूला सांगितलं, गुरुजींना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. ह्याच एका वाक्यावर माणूस उभा आहे. आणि तिच्या नावानं व्रत आणखी कडक केलंय.

१० जून.
ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, "दादाला कळता कामा नये. जेवायचा नाही तो परत."
मी म्हटलं, आणि माझं काय?
म्हणाले, "तुला काही व्हायचं नाही." कशावरून, ते सांगितलं नाही. मग अंगणात गेले.

१३ जून.
तंजावरला डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं, एकादस, बारस, शाकव्रत. मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "आम्मा, रोज सारखं खा. पाला खायचा तर रोज तेवढाच. बंद करणार असाल तर गोळी कमी करू, पण मग आठवड्यातून दोनदा आकडा कळवा. आंधळेपणानं नको." गोळी अर्धी करायचे दिवस लिहून दिले. भला माणूस. शेवटी विचारलं, "ह्याआधी घरात कुणी..." मी नाही म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

२८ जून.
वासूनं पाठवलेल्या नव्या पट्ट्या मद्रासला कस्टममध्ये अडकल्या. थंड ठेवायच्या वस्तू, जूनच्या मद्रासमध्ये, गोदामात. सुटल्या तरी काय कामाच्या. जुन्यांतल्या अगदी थोड्या उरल्यात. आठवड्यातून दोनदा म्हणे.

१२ जुलै.
परत दोन टिकटिकी. ह्या वेळी पळाले नाही. रुब्ब्यापाशी बसून राहिले. भीती वाटते म्हणावं तर तसं नाही, रडूही येत नाही. ती काही मागतेय असं वाटतं. तुला काय हवंय, अक्का? भावजींना सांगू, की सांगू नको?
तिला हवं ते ती जिवंतपणीही सरळ कधी बोलली नाही.

१६ जुलै. आषाढी एकादस.
आ. ३.१. उद्यापासून शाकव्रत. आज घरातला पाला, भाजी, चिंच, मिरची सगळं कोपऱ्यावरच्या बाईंना देऊन टाकलं. स्वैपाकघर धुतलं. उद्यापासून अर्ध्या गोळीचे दिवस सुरू.
वेगळं शिजवता येईल का, ह्यांनी विचारलं. कुठे? एक चूल, मडीचं, सोवळ्यातलं स्वैपाकघर, आणि भावजी समोर पानावर. वेगळं शिजवलं तर का ते सांगावं लागेल. का ते सांगितलं की दुसरं आपोआप कळेल. सत्तरीतला माणूस, हिशेब येतो त्यांना.

२१ जुलै.
कीरैवाली दारावरून गेली. थांबली नाही.
आ. ३.६. गोळी कमी करूनही.

२५ जुलै.
बोट टोचलं. थेंब भरपूर, थांबेचना. आ. ४.४.
तंजावरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले आज गोळी नको, उद्याही नको, आणि आम्मा, थोडा पाला खा. थोडाच. रोज. "व्रत पुढल्या वर्षी करा की." पुढल्या वर्षी असायला हवं, तेच म्हणतोय ना बाबा.
दात घासताना थुंकी गुलाबी. माझी काडी कडक नव्हती.

२७ जुलै.
गोळी बंद, तरी आ. ४.६. की पट्टी खराब? काल परत वीज नव्हती. लॅबवाल्याकडे गेले, त्याचे सेकंद भलतेच कमी. कुणावर विश्वास ठेवू? शेवटची पट्टी उरली. ती बारशीसाठी ठेवलीय.
ह्यांनी न सांगता एक जुडी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाले, मोरीत बसून कच्चीच खा. चिडले मी. चोरून पाला खाऊ? ह्या वयात? तिच्या दशमीला दोन दिवस उरले असताना? जुडी शेजारच्या गाईला घातली. नंतर वाटलं खायला हवी होती. मरायला मला नकोय. हे लिहून ठेवते, मला नकोय.

२९ जुलै. वद्य दशमी.
अक्काचं श्राद्ध. तिला सगळ्यात आवडायची ती आंबट भाजी, आणि तिच्या श्राद्धाला ती कधीच करता येत नाही. तिथीच अशी. मूगडाळीचं, मिऱ्याचं, खीर. पान वाढताना भावजी गुरुजींना म्हणाले, "व्रतात गेली. भाग्याची." गुरुजी हो म्हणाले. मी सार वाढत होते. वाकताना भांडं दोन्ही हातांनी धरलं.
कोपराच्या वर डाग पडलाय, नाण्याएवढा. पोलक्याची बाही ओढून घेतली. वाकताना वर सरकली असेल. भावजींनी पाहिलं असं वाटलं. खीर उष्टी टाकली त्यांनी, कधी टाकत नाहीत.

३० जुलै. एकादस.
भावजी दिवसभर मागल्या अंगणात, अगत्तीखाली खुर्ची टाकून बसून होते. पाणी नाही. उन्हात. मी दोनदा आत बोलावलं. दुसऱ्यांदा विचारलं, "हातावर काय झालं?"
"रुब्बा लागला."
तोंडातून गेलंच. तिचेच शब्द. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कधी असं सरळ पाहिलं नव्हतं.
हे जवळच होते. तसेच आत निघून गेले.

३१ जुलै. बारस.
उजाडता उजाडता लिहिते आहे. शाईचं पेन सापडलं नाही, पेन्सिलीनं.
पहाटे न्हाऊन स्वैपाकघरात आले तर उंबऱ्यावर अगत्तीच्या डहाळ्या. ओल्या, धुतलेल्या. आमच्या घरात, ह्या महिन्यात. भावजी दारात उभे. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हाताला खरचटलेलं. स्वतः तोडली.
म्हणाले, "दुसऱ्या मठाची माणसं ह्याही महिन्यात अगत्ती खातात. आपल्याकडे माझ्या आम्मानं बंद केली होती. मी लहान होतो तेव्हा चालायची." मग म्हणाले, "निवड. तुझ्या पानावर वाढ. माझ्याही."
मी बसले निवडायला. दुसरं काय करणार. पानं ओरबाडून काढली, चिरली, फोडणीत फक्त जिरं. ते तिथेच उभे. घरात अक्का असतानाही कधी स्वैपाकघराच्या दारात इतका वेळ उभे राहिले नव्हते. भाजी शिजत आली. मग हळू, जवळजवळ भांड्यालाच म्हटल्यासारखं, "गोदेच्या दंडावर असेच डाग होते. मी पाहिले होते. विचारलं नव्हतं."
मी ढवळत राहिले.
"तू विचारलंस वाटतं डॉक्टरला. काय म्हणाला? तिलाही हेच झालं होतं का गे?"
मी म्हटलं, पारण्याची वेळ टळेल, पानावर बसा.
बसलेत. तीन पानं मांडली. अगत्ती वाढली, माझ्या पानावर, त्यांच्या पानावर, ह्यांच्याही. डोंगर नाही, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. शेवटची पट्टी फ्रिजमध्ये तशीच आहे, आत्ता आकडा बघून काय करू.
भावजींनी हात पानाला लावला नाही. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि समोर भात निवतोय. म्हणाले, "तू सांग, मग जेवतो. काय असेल ते सांग." हे खाली मान घालून बसलेत. मी तूप आणते म्हणून आत आले. तूप बाहेर पानाशेजारीच आहे, हे सगळ्यांना दिसतंय.
हो म्हटलं तर ते 'व्रतात गेली'चं वाक्य त्यांच्याकडून काढून घेतलं. नाही म्हटलं तर अक्का दुसऱ्यांदा रुब्बा लागून मेली.
इथे एकच टिकटिक ऐकू येतेय आज. माझी. फार जोरात.
ऊन उंबऱ्याला आलं. हे हाक मारतायत, "यमे, ये."
तुपाचं निमित्त इथेच सोडून, रिकाम्या हातानं सांगायला जाते.